दरसालच्या सणांची चिकटवही

चिकटवहीत सहसा जाते ते एकदाच घडणारे. मुंज, लग्न, परदेशवारी, वर्तमानपत्रात आलेले नाव. दरवर्षी परतून येणाऱ्या गोष्टींना तिच्यात क्वचितच जागा मिळते, कारण त्या पुढच्या वर्षीही होणारच अशी घराची खात्री असते. गौरी दरसाल त्याच कोनाड्यात बसतात, दिवाळीच्या पहाटे तेल लावण्याचा मान त्याच काकूंचा असतो, दसऱ्याचे सोने आधी त्याच घरी द्यायचे असते. मग एका वर्षी काकू नसतात, कोनाड्याचे घर विकले गेलेले असते, आणि हे सगळे नेमके कसे होत असे ते कोणालाच नीट सांगता येत नाही. गौरीचे फोटो असतात. पण तिला साडी कोण नेसवत असे, नैवेद्याला सोळा भाज्या होत्या की पाच, सुपारी कोणाकडून यायची, हे फोटोत दिसत नाही.

पुनरावृत्ती होणाऱ्या परंपरांची चिकटवही या उणिवेसाठीच असते. तिची पद्धत साधी आहे: तीच जागा, तेच प्रश्न, नवे साल. एका वर्षाच्या पानाला फारशी किंमत नसते. तेच पान दहा वर्षे भरले गेले की घरात काय टिकले आणि काय बदलले हे एका नजरेत दिसते. म्हणून अशा वहीत सजावटीपेक्षा सातत्य मोलाचे. रंगीत फिती आणि ठसे लावून तीन वर्षांत थांबलेल्या वहीपेक्षा साध्या अक्षरात पंधरा वर्षे चाललेली वही कितीतरी श्रेष्ठ.

चेन्नईच्या बंदराला लागून असलेले जॉर्ज टाउन हे अशा वहीसाठी सामग्रीने भरलेले ठिकाण आहे. २२ ऑगस्ट १६३९ च्या दानपत्राने ईस्ट इंडिया कंपनीला येथील किनारपट्टी मिळाली, किल्ला उभा राहिला आणि त्याच्या उत्तरेला विणकर, दुभाषे, सावकार यांची वस्ती वाढली. इंग्रज तिला ‘ब्लॅक टाउन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज यांच्या नावावरून तिला आजचे नाव मिळाले. पॅरीज कॉर्नरपासून आत शिरले की गल्लीगणिक धंदा बदलतो. गोडाउन स्ट्रीटला कापड, साहुकारपेठेत सोने-चांदी, अँडरसन स्ट्रीटला कागद. लग्नपत्रिका, वह्या, रोजनिशा, दिनदर्शिका, पुठ्ठे यांचा हा घाऊक बाजार आहे, आणि वही बांधून घ्यायला लागणारे सगळे तेथे हाताशी मिळते.

या चौरस परिसरात तमिळ, तेलुगू, गुजराती, मारवाडी, उर्दू आणि मराठी बोलणारी घरे शेजारी शेजारी नांदतात आणि प्रत्येकाचे वर्ष निराळ्या दिवशी उजाडते. तेलुगू उगादी आणि मराठी पाडवा एकाच दिवशी, तमिळ नववर्ष १४ एप्रिलच्या सुमारास, गुजराती वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. पोंगल सौर असल्याने १४ किंवा १५ जानेवारी सोडत नाही. गणेशचतुर्थी मात्र २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. २०२३ ची उडी अधिक श्रावणामुळे. त्यामुळे वहीची मांडणी इंग्रजी तारखेने केली तर सण पानोपानी सरकत राहतात. मांडणी सणवार असावी: एका सणाला चार-सहा पाने राखून ठेवायची, आणि प्रत्येक वर्षाची नोंद त्याच सणाखाली एकाखाली एक उतरवत जायची. तिथी आणि तारीख दोन्ही लिहायच्या.

मराठी माणसांचा या गावाशी संबंध जुना आहे. थंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळ मंदिराची परंपरा सांगते की दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत छत्रपती शिवाजी महाराज ३ ऑक्टोबर १६७७ रोजी येथे दर्शनाला आले होते. येथे येणारे मराठी कुटुंब त्या मंदिरात गेल्याशिवाय सहसा परतत नाही. दुसरा धागा तंजावरचा. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. राज्य खालसा झाल्यावर आणि त्याच्या आधीही कारकुनी, वकिली, शिक्षण यांसाठी तंजावर-कुंभकोणमकडची मराठी घराणी मद्रासला येत राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव त्यांच्यातलेच. तिसरा धागा अलीकडचा आणि खास साहुकारपेठेचा: सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून निघून देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेले गलाई व्यावसायिक. जुने दागिने, सराफांच्या दुकानातला कचरा, चूर मुशीत आटवून शुद्ध सोने-चांदी काढून देणे हे त्यांचे काम.

तंजावरी आणि गलाई या दोन तऱ्हेच्या मराठी घरांना सणांच्या वहीची गरज निरनिराळ्या कारणांनी आहे, आणि ती समजून घेतली तर वहीत काय असावे हे आपोआप ठरते.

गलाईवाल्याचे घर एकाच वेळी दोन ठिकाणी असते. भट्टी साहुकारपेठेत, देव आणि भाऊबंद विट्याकडच्या गावात. गणपती चेन्नईत बसतो, कुळाचार गावी होतो. यात्रेला, दिवाळीच्या सुट्टीला, लग्नसराईला गाडीची तिकिटे काढून माणसे गावी जातात. विट्याचा दसरा रेवणसिद्धांच्या पालख्यांच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध आहे, खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते. चेन्नईत जन्मलेल्या मुलाला हे सगळे काही दिवसांच्या धावपळीत दिसते आणि त्यातले नातेसंबंध कळायच्या आत परतीची गाडी सुटते. अशा घराच्या वहीत प्रवासाचे तिकीट हा पहिला कागद असावा. त्यावर तारीख असते, स्थानके असतात, कितीजण गेले ते असते. त्याच्या शेजारी तीन गोष्टी: यंदा पालखीला खांदा कोणी दिला, नैवेद्य कोणाच्या घरून गेला, आणि यंदा कोण येऊ शकले नाही. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची, आणि ती फोटोत कधीच येत नाही.

तंजावरी घराचे दुखणे वेगळे. ही माणसे तीनशे वर्षांहून अधिक काळ तमिळ मुलखात राहिली, घरात मराठी बोलत राहिली, पण शाळा तमिळ आणि इंग्रजी. पूर्वजांचे कागद मोडीत, घरातली वृद्ध मंडळी मराठी शब्द तमिळ लिपीत लिहितात, आणि नातवंडे ते शब्द रोमन अक्षरांत मोबाइलवर टाइप करतात. एकाच घरात एकाच भाषेच्या तीन-चार लिप्या झाल्या. अशा वेळी वही कोणत्या लिपीत ठेवावी यावर घरात वाद होऊ शकतो. तो वाद घालूच नये. जिच्या हातात घराचा कुळाचार आहे तिला जी लिपी सहज येते तीत लिहू द्यावे, आणि शेजारी दुसऱ्याने देवनागरीत उतरवावे. शब्द मात्र बदलू नयेत. पुण्यामुंबईची मराठी प्रमाण धरून आजीचे शब्द ‘सुधारले’ तर वहीतून तंजावरच निघून जाईल. मोडीतले जुने कागद असतील तर मोडीच्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि मूळ कागद वेगळ्या लिफाफ्यात ठेवावेत. यंत्रात तापवून प्लास्टिकच्या थरात ते पक्के बंद करून घेणे हा त्यांचा घात आहे, कारण त्या उष्णतेनंतर कागद पुन्हा मोकळा करता येत नाही.

घराण्याचा वृत्तांत वर्षांच्या क्रमाने लिहून ठेवण्याची सवय मराठी माणसाला नवी नाही. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली हे त्याचे ठळक उदाहरण. शक, तिथी आणि त्या दिवशी काय झाले, एवढाच तिचा साचा. तरीही शिवकालाच्या तारखा ठरवताना इतिहासकारांना तिच्याकडे वळावे लागले. तंजावरात सरफोजीराजे दुसरे यांनी भोसले वंशाचे चरित्र १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवले. हेच सरफोजीराजे गादीवर बसण्यापूर्वी, १७९० च्या दशकात, वारसाहक्काच्या वादामुळे मद्रासला राहून शिकत होते. कागदाची चिकटवही हा प्रकार मात्र युरोप-अमेरिकेत वाढला. मार्क ट्वेन या लेखकाला आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट १८७३ मध्ये मिळाले होते, आणि व्याख्यानांच्या जगप्रवासात १८९६ मध्ये त्याचे जहाज एक दिवस मद्रासला थांबले होते. आज ज्याला छंद म्हणून ओळखतात त्या कौटुंबिक चिकटवहीला चालना मिळाली १९८० मध्ये, जेव्हा युटाच्या मारिएलेन ख्रिस्टेन्सेन यांनी आपल्या कुटुंबाच्या पन्नासाहून अधिक वह्या सॉल्ट लेक सिटीच्या एका परिषदेत मांडल्या. त्यानंतर त्या छंदाभोवती सामानाचा मोठा व्यापार उभा राहिला. घरच्या सणाची नोंद ठेवायला त्यातले बहुतेक सामान लागत नाही.

मराठी घरात या वहीचा एक कच्चा अवतार भिंतीवर लटकतच असतो. जयंत साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’च्या चौकटींत दुधाचा हिशेब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, मोलकरणीचे खाडे, पाहुण्यांची गाडी असे सगळे बारीक अक्षरात लिहिलेले असते. वर्ष संपले की ते रद्दीत जाते. निदान श्रावण ते कार्तिकातली पाने तरी कापून वहीत ठेवावीत. मुद्दाम लिहिलेल्या आठवणीत माणूस थोडे सजवून लिहितो, पण कालनिर्णयाच्या चौकटीत कोणी सजवत नाही. तीच गोष्ट आहेराच्या यादीची. तमिळ लग्नघरात ‘मोय’ची वही असते, साहुकारपेठेत दिवाळीला चोपडापूजन होऊन नव्या वर्षाची वही उघडते, मराठी घरात आहेराच्या यादीवरून पुढच्या कार्याची देवघेव ठरते. घरात कोण कोणाला धरून होते याचा याहून खरा पुरावा मिळणे कठीण.

दाखला म्हणून एकच सण सविस्तर पाहावा, आणि त्यासाठी नवरात्रातला कोलू सर्वांत चांगला. तमिळ घरांत, आणि त्यांच्या संगतीने अनेक तंजावरी मराठी घरांत, विषम संख्येच्या पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. रक्तचंदनाच्या लाकडाची ‘मरप्पाची’ जोडी मानाची. ती बहुधा आईकडून मुलीकडे लग्नात आलेली असते. दरवर्षी निदान एक नवी बाहुली घ्यायची रीत आहे. रोज वेगळ्या कडधान्याची उसळ म्हणजे सुंडल होते, सुवासिनींना हळदकुंकू, विडा, नारळ दिला जातो, आणि विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी ठेवून मांडणी मोडायला परवानगी घेतली जाते.

कोलूचे पान भरताना चार नोंदी पुरतात. पहिली, पूर्ण मांडणीचा एक फोटो, दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, दिवे लावल्यावर. जमिनीवर एक खूण करून ठेवली तर जागा चुकत नाही. दुसरी, त्या वर्षीच्या नव्या बाहुलीची: कुठून घेतली, कितीला, कोणी निवडली. तिसरी, घरी आलेल्यांची आणि आपण ज्यांच्या घरी गेलो त्यांची नावे. चौथी, नऊ दिवसांच्या सुंडलांची यादी आणि त्यांतल्या एकाची पूर्ण कृती. दरवर्षी एक म्हटले तरी नऊ वर्षांत नऊ कृती होतात. कृती लिहिताना घरची वाटी एकदा तराजूवर तोलून घ्यावी. ‘दोन वाट्या’ हे माप ती वाटी हरवेपर्यंतच खरे असते.

अशा पानावर गावाचा इतिहासही नकळत उतरतो. जॉर्ज टाउनमधला कोत्तवाल चावडीचा भाजीबाजार आणि बद्रियन स्ट्रीटचा फुलबाजार यांचा मुख्य व्यापार १९९६ मध्ये कोयंबेडूला गेला. ज्या घराने नारळ आणि शेवंती कुठून आणली हे लिहिले असेल, त्याच्या वहीत हे स्थलांतर तारखेसह सापडेल. त्याआधी, २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री, ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरावर तोफा डागल्या, तेलाच्या टाक्या पेटल्या आणि घाबरलेली माणसे गाव सोडून पळाली. ते दिवस नवरात्राचे होते. त्या वर्षी किती घरांत मांडणी पुरी झाली, किती घरांनी ती तशीच टाकून गाडी पकडली, हे आता केवळ घरगुती कागदांतूनच कळू शकते. २०२० च्या महासाथीतले पान हे आपल्या पिढीचे तसे पान आहे: बाहुल्या सगळ्या, पाहुणा एकही नाही. ते कोरे सोडून देणे चूक ठरेल. सण झाला नाही किंवा अपुरा झाला, तर तेवढेच वाक्य तारखेसह लिहावे.

घराबाहेरच्या परंपरेलाही हीच पद्धत लागू पडते. तिरुमलैच्या ब्रह्मोत्सवासाठी जाणाऱ्या मोठ्या छत्र्यांची मिरवणूक दरवर्षी जॉर्ज टाउनच्या चेन्नकेशव पेरुमाळ मंदिरातून निघते आणि साहुकारपेठेतून यानैकवुनी (एलिफंट गेट) ओलांडून पुढे जाते. ती पाहायला दरसाल एकाच कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या कुटुंबाने तेथूनच एक फोटो घेतला, तर मागची दुकाने, पाट्या, विजेच्या तारा, मुलांची उंची हे सगळे पुढच्या पिढीला एका ओळीत पाहता येईल. मिरवणुकीचे पन्नास फोटो घेण्यापेक्षा हे बरे.

आता कागदाविषयी. चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, म्हणजे नवरात्र, दिवाळी, कार्तिकदीप हे सगळे सण दमट हवेतच येतात. वही ज्या दिवसांत उघडायची, तेच दिवस तिला सर्वांत वाईट. बंदराची खारी हवा आहेच. ओल आली की बुरशी धरते, पाने एकमेकांना चिकटतात आणि कसर लागते. त्यात कागद आम्लयुक्त असेल तर तो पिवळा पडून ठिसूळ होतो. लाकडाच्या लगद्यात राहिलेले लिग्निन प्रकाशाने काळवंडते, वर्तमानपत्राचे कात्रण म्हणूनच लवकर तांबूस होते आणि शेजारच्या फोटोलाही डाग लावते. कात्रणाची छायाप्रत चांगल्या कागदावर काढून ती चिकटवावी. वहीसाठी आम्लमुक्त कागद मागावा, किंवा सुती चिंध्यांचा हातकागद घ्यावा. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून आणि पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमाचा कारखाना १९५९ पासून हे काम करत आले आहेत.

चिकट पानांवर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले आल्बम घरोघरी आहेत, आणि त्यांनी फोटोंचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे. तो गोंद काही वर्षांनी पिवळा होतो आणि फोटो सुटत नाही. पारदर्शक चिकटपट्टीचेही तसेच. फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवावेत, म्हणजे हवे तेव्हा काढता येतात. चिकटवायचेच असेल तर गव्हाच्या पिठाची पातळ खळ चालते, पण बांधणीवाले कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकतात, ते टाळावे. तांब्याच्या क्षाराने कागद कुजतो. दुकानाच्या यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती दोनेक वर्षांत कोरी होते, तेव्हा तिच्यावरचा मजकूर लगेच हाताने उतरवावा. आपट्याचे पान किंवा फूल ठेवायचे तर पूर्ण वाळवून, वेगळ्या कागदी पाकिटात. नव्या वहीला हळदकुंकू लावायचे ते वरच्या पुठ्ठ्याला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्यांजवळ वेखंड आणि मसाल्यांच्या पुडीची पुरचुंडी ठेवण्याची जुनी पद्धत आहे. वेखंड तमिळ काष्ठौषधींच्या कोणत्याही दुकानात ‘वसंबु’ या नावाने मिळते.

डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईतील असंख्य घरांचे तळमजले पाण्याखाली गेले आणि त्यांबरोबर कपाटाच्या खालच्या खणातले आल्बम. वही वरच्या फळीवर असावी, आणि वर्षातून एकदा तिच्या प्रत्येक नव्या पानाचा फोटो काढून तो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे पाठवावा. गलाईवाल्यांना हे सोपे आहे, त्यांचे दुसरे गाव ठरलेलेच असते.

वही कधी भरायची हा प्रश्न बहुतेक वह्यांचा शेवट करतो. सण चालू असताना वेळ नसतो, सण संपल्यावर उत्साह नसतो. तमिळनाडूत यावर एक आयती सोय आहे. नवमीला, सरस्वतीपूजेच्या दिवशी, घरातली पुस्तके आणि वह्या पुसून पूजेला मांडतात, त्या दिवशी वाचत-लिहीत नाहीत, आणि विजयादशमीला पूजा उठल्यावर प्रत्येकजण थोडे तरी वाचतो, लिहितो. महाराष्ट्रात दसऱ्याचे पाटीपूजन त्याच जातीचे. सणांची वही त्या पूजेत ठेवावी आणि दसऱ्याच्या सकाळी घरातल्या सर्वांनी मागच्या वर्षाची राहिलेली पाने भरावीत. हा रिवाज एकदा लागला की वही स्वतःच एक वार्षिक परंपरा होते.

अशा घरगुती कागदांना घराबाहेरही किंमत असते. चेट्टिनाडातील कोट्टैयूरचे रोजा मुत्तय्या हे पाट्या रंगवणारे गृहस्थ. त्यांनी पुस्तके आणि नियतकालिकांच्या जोडीने लग्नपत्रिका आणि नाटकांची हस्तपत्रके यांसारखे इतरांनी फेकून दिलेले कागदही आयुष्यभर जमवले. १९९२ मध्ये ते गेले. शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने त्या संग्रहातून १९९४ मध्ये चेन्नईत रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालय उभे राहिले, आणि तमिळ समाजाचा इतिहास लिहिणारे जगभरचे अभ्यासक आज तेथे येतात. तमिळनाडूतल्या मराठी घरांच्या सणावारांच्या नोंदी अशा एका जागी अजून जमायच्या आहेत. त्या आधी घरोघर लिहिल्या जायला हव्यात.

ज्या घरात कुळाचाराची माहिती एकाच वृद्ध व्यक्तीकडे उरली आहे, त्याने चांगल्या कागदाची वाट पाहू नये. या दिवाळीत हाताशी असेल त्या वहीत तिच्याकडून सगळे विचारून लिहून घ्यावे, आणि सांगणाऱ्याचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव व तारीख खाली घालावी.